कादंबरीवरच्या नाटकाचे नाव-गाव

चूक माझीच होती, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

‘कमवा आणि शिका’ योजनेत मी गेल्या वर्षापासून आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात रोज दोन तास काम करते. जुन्या लाकडी खणांतील कार्डे वाचायची आणि त्यांच्यावरील नोंदी संगणकात भरायच्या, एवढेच ते काम. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी एके दिवशी हाती ‘आनंदी गोपाळ’ आले. त्याचे कार्ड गहाळ होते. नोंद पुस्तकावरूनच करायची होती. ‘आनंदी गोपाळ’ म्हणजे श्री. ज. जोशी, हे मला पाठच होते. आतले पान न उलटताच लेखकाच्या रकान्यात मी ‘जोशी, श्री. ज.’ लिहिले, प्रकाराच्या रकान्यात ‘कादंबरी’ लिहिले आणि पुढचे पुस्तक उचलले.

माझ्या वर्गातील एका मैत्रिणीला चरित्रात्मक कादंबरीवर स्वाध्याय लिहायचा होता. तिने संगणकावर नाव पाहिले, मीच पुस्तक काढून दिले, आणि ते घेऊन ती घाटंजीच्याही पुढे असलेल्या आपल्या गावी गेली. कापूस वेचणीचे दिवस. पुस्तक उघडायला तिला भाऊबीज उजाडली. त्या रात्री तिचा फोन आला, “काहून वं, हे त नाटक निंगालं!”

होय, त्या नावाचे नाटकही आहे. श्री. ज. जोशी यांची कादंबरी १९६८ ची. तिचे नाट्यरूपांतर राम जोगळेकर यांनी केले आणि नाव तेच ठेवले. मी नाटकावर कादंबरीकाराचे नाव चिकटवून ते कादंबरी म्हणून हाती दिले होते. गावात दुसरी प्रत मिळण्याची सोय नव्हती. नाटक वाचून तिने जमेल तसे कादंबरीविषयी लिहिले, आणि सरांनी दोन पानांतच ते ओळखले. २० पैकी ६ गुण. मला ती एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

दुसऱ्याच दिवशी मी ती नोंद दुरुस्त केली. तिचे गुण काही दुरुस्त झाले नाहीत. तेव्हापासून कादंबरीवरून झालेल्या नाटकांची नावे आणि नोंदी हा विषय माझ्या डोक्यात बसला आहे. ग्रंथपाल मॅडमनी नियमांची पुस्तके वाचायला दिली. त्यातून आणि खणांतल्या कार्डांतून जे उमगले, ते येथे मांडते.

पहिला प्रश्न असा की, कादंबरीचे नाटक झाले तर ते कुणाचे? माझ्यासारखी कुणीही चटकन म्हणेल, गोष्ट ज्याची त्याचे. पण ग्रंथालयशास्त्र तसे म्हणत नाही. अँग्लो-अमेरिकन तालिकीकरण नियमांची दुसरी आवृत्ती १९७८ साली निघाली. आपल्याकडच्या ग्रंथालयांतून ती दीर्घकाळ वापरात आहे. तिच्यात स्पष्ट सांगितले आहे: एखादी कृती दुसऱ्या वाङ्मयप्रकारात नेली असेल, तर मुख्य नोंद रूपांतरकाराच्या नावाखाली करावी, रूपांतरकार कोण ते कळत नसेल, तर नाटकाच्या नावाखाली करावी, आणि मूळ लेखक व मूळ कृती यांच्या नावाने एक जोडनोंद अवश्य करावी. २०१० साली आलेल्या नव्या नियमावलीनेही नाट्यरूपांतर ही वेगळी कृतीच मानली आहे. तिचे मूळ कृतीशी नाते काय ते सांगायला मात्र ती सांगते.

हे वाचून मला आधी रागच आला. ज्याने माणसे उभी केली, त्याचे नाव मागे? मग विचार केला की, रूपांतरकार नेमके काय करतो? कादंबरीत कथन करणारा एक आवाज असतो. नाटकात तो गप्प होतो. त्याने सांगितलेले सगळे पात्रांच्या तोंडी द्यायचे, नाहीतर सोडून द्यायचे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली आणि १८८७ मध्ये वारल्या. कादंबरीला जहाजात बसून समुद्र ओलांडता येतो. रंगमंचावर जहाज कुठून आणणार? कोणता प्रसंग दाखवायचा, कोणता पत्रातून कळवायचा, पडदा कुठे टाकायचा, हे सारे नव्याने ठरवावे लागते. एवढे करणाऱ्याला नुसते ‘मदतनीस’ कसे म्हणावे? माझा राग ओसरला.

शिवाय शेल्फही निराळे. ड्यूई दशांश वर्गीकरणात मराठी कादंबरीला ८९१.४६३ आणि मराठी नाटकाला ८९१.४६२ हे अंक आहेत. शेवटच्या एका आकड्याने आई आणि लेक वेगवेगळ्या कपाटांत जातात. आमच्याकडे तर त्या कपाटांच्या मधे नियतकालिकांचे टेबल आहे. दोघींना जोडणारी एकच वस्तू उरते, ती म्हणजे नोंद.

आता नावाकडे वळते, कारण खरी गंमत तेथेच आहे. आपल्याकडच्या नाटककारांनी नावाच्या बाबतीत मुख्यतः तीन वाटा चोखाळलेल्या दिसतात.

पहिली वाट नाव तेच ठेवण्याची. श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ ही कादंबरी १९५२ ची. तिच्यावरचे नाटकही ‘गारंबीचा बापू’च. प्रेक्षकाला आधीच ओळखीचे असलेले नाव जाहिरातीत पाहिले की तो तिकीट काढतो, यात वावगे काही नाही. वाचकाला मात्र ‘नाटक’ हा एक शब्द नोंदीत दिसला नाही की त्याची माझ्या मैत्रिणीसारखी गत होते.

दुसरी वाट कादंबरीतल्या माणसाला पुढे आणण्याची. पेंडशांच्याच ‘हद्दपार’ (१९५०) या कादंबरीवरच्या नाटकाचे नाव ‘राजेमास्तर’. जयवंत दळवींच्या ‘अंधाराच्या पारंब्या’ या कादंबरीवरून ‘बॅरिस्टर’ हे नाटक झाले. १९७७ साली विजया मेहता यांनी ते बसवले आणि विक्रम गोखले यांची ती भूमिका गाजली. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) वरून ‘मी, पांडुरंग सांगवीकर’ हे नाटक झाले. मला ही वाट फार प्रामाणिक वाटते. ‘अंधाराच्या पारंब्या’ हे नाव एका घराचे, एका वातावरणाचे आहे. ‘बॅरिस्टर’ म्हटले की एक माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि रंगमंचावर शेवटी माणूसच उभा राहायचा असतो. नाव बदलून नाटककार जणू सांगून टाकतो की, कादंबरीतले सगळे येथे मिळणार नाही. मी हा एक धागा घेतला आहे.

तिसरी वाट सर्वस्वी नव्या नावाची, आणि नोंद करणाराची खरी परीक्षा तेथे होते. दळवींच्या ‘महानंदा’ या कादंबरीचे नाट्यरूपांतर शं. ना. नवरे यांनी केले. नाटकाचे नाव ‘गुंतता हृदय हे’. ‘बॅरिस्टर’च्या बाबतीत निदान लेखक तरी एकच होता, दळवींचा खण ओढला की कादंबरी आणि नाटक दोन्ही सापडतात. येथे लेखकही बदलला, नावही बदलले. नोंद करणाराने ‘मूळ कादंबरी: महानंदा’ ही ओळ लिहिली नाही, तर धागा कायमचा तुटला. त्यात आणखी एक गुंता असा की, याच शब्दांनी सुरू होणारे नाट्यपद वसंत कानेटकरांच्या ‘मत्स्यगंधा’ (१९६४) या नाटकात आहे. नाव नुसतेच टंकून शोधणारा महानंदेऐवजी मत्स्यगंधेच्या दारी जाऊन उभा राहण्याचा संभव मोठा!

याहून मासलेवाईक उदाहरण विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’चे. कादंबरी १९८८ ची. तिच्यावरून त्यांनीच लिहिलेले आणि वामन केंद्रे यांनी बसवलेले नाटक ‘रणांगण’. आता ‘रणांगण’ म्हटले की मराठीच्या विद्यार्थ्याला काय आठवते? विश्राम बेडेकरांची १९३९ सालची कादंबरी. एकीकडे सदाशिवरावभाऊ आणि अब्दाली, दुसरीकडे युरोपातून निघालेल्या बोटीवरचे चक्रधर आणि हॅर्टा. तारखा आणि लेखक नीट नोंदले नाहीत, तर बेडेकरांच्या कादंबरीचे नाट्यरूपांतर विश्वास पाटलांनी केले, असा समज करून घेऊन कुणी पेपरही लिहून येईल. मी हसण्यावारी नेत नाही. अशी चूक कशी होते ते मी स्वतःच्या हाताने पाहिले आहे.

नाव बदलण्याचा हा नाद काही आपलाच नाही. हेन्री जेम्सच्या ‘वॉशिंग्टन स्क्वेअर’ (१८८०) या कादंबरीवरून रूथ आणि ऑगस्टस गेट्झ यांनी १९४७ मध्ये नाटक केले, त्याचे नाव ‘द एअरेस’, म्हणजे वारसदार मुलगी. मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ ला आली आणि पाचच वर्षांत लंडनच्या रंगभूमीवर तिचे नाटक ‘प्रिझम्प्शन’ अशा निराळ्याच नावाने झाले. जोडनावात मात्र फ्रँकेन्स्टाइन शाबूत होता. आपल्याकडे तर ही परंपरा नाटकावरून नाटक करण्याच्या काळापासून आहे. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ (१८८३) केले, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ (१८९०) केला. त्या वेळी वाचकांना मूळ ठाऊक असे, म्हणून भागले. आज ठाऊक असेलच असे नाही.

येथे एक गोष्ट बोलून टाकते. ज्यांच्या घरी पुस्तकांची कपाटे आहेत, त्यांना ‘बॅरिस्टर’ कशावरून घेतले हे कुणीतरी जेवताना सांगितलेले असते. आमच्याकडे पुस्तक म्हणजे दप्तरातले. मला विचारायला कोणी नव्हते, माझ्या मैत्रिणीलाही नव्हते. आम्हांला काय ते त्या कार्डावरच कळणार. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यांतला चौथा म्हणतो, वाचकाचा वेळ वाचवा. गावाहून एस.टी.ने येऊन पाचच्या गाडीने परत जाणाऱ्याच्या वेळेची किंमत त्या नियमात धरलेली आहे, असे मला वाटते.

नावे सारखी म्हणजे नाते आहेच, असेही नव्हे. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ ही कादंबरी १९५९ ची. गिरीश कार्नाड यांचे ‘ययाति’ हे कन्नड नाटक १९६१ चे. शिरवाडकरांचे ‘ययाति आणि देवयानी’ १९६६ चे. वर्षे अशी ओळीने आली की कार्नाडांनी खांडेकरांवरून घेतले असेल, असे मनात येतेच. पण दोघांनीही महाभारताच्याच विहिरीचे पाणी काढले आहे. म्हणून ‘रूपांतर’ हा शब्द लिहिण्याआधी पुस्तकाच्या आतले पान आणि प्रस्तावना वाचायलाच हवी. अंदाजाने नाते जुळवणे हे नाते तोडण्याइतकेच वाईट. तीच गोष्ट ‘आधारित’ आणि ‘वरून सुचलेले’ या शब्दांची. नाट्यरूपांतरात कादंबरीची माणसे आणि घटना ओळखू येतात; ‘आधारित’मध्ये नाटककार बरीच मोकळीक घेतो; ‘सुचलेले’ म्हणजे ठिणगी तिकडची, सरपण इकडचे. पुस्तकावर जो शब्द असेल तोच नोंदीत यावा. आपण आपल्या मनाने त्याला बढती देऊ नये.

हा केवळ शिष्टाचार नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कादंबरीचे नाटक करणे हा मूळ लेखकाच्या हक्काचा भाग आहे, आणि तो हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या वारसांकडे राहतो. १९१९ साली वारलेल्या हरिभाऊ आपट्यांची कादंबरी कुणालाही रंगमंचावर आणता येईल. कालपरवाच्या लेखकाची नाही. नोंदीतली ‘मूळ कादंबरी’ ही ओळ प्रयोग करू पाहणाऱ्याला परवानगी कुठे मागायची याचाही पत्ता देते.

मराठीच्या काही अडचणी तर इंग्रजी नियम लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही आल्या नसतील. आमच्या ‘स’च्या खणात हात घातला की कार्डांमागून कार्डे ‘संगीत’चीच: ‘संगीत शारदा’, ‘संगीत सौभद्र’, ‘संगीत मानापमान’. पुस्तकावर नाव तसेच छापलेले असते, पण खिडकीशी येऊन ‘संगीत शारदा द्या’ असे कोण म्हणतो? सगळे ‘शारदा’ मागतात. माझे मत असे की ‘संगीत’ हे नाटकाचे कुळ आहे, नाव नव्हे. ते दाखवावे, पण खणात कार्ड ‘श’मध्ये लावावे आणि ‘स’मध्ये ‘शारदा पाहा’ एवढी चिठ्ठी ठेवावी. संगणकाला मधला शब्दही सापडतो, त्यामुळे हा तंटा आता अर्धा मिटला आहे. शुद्धलेखनाचा मात्र वाढला. १९६२ च्या नियमांनी शेवटचा इकार दीर्घ झाला; एकाच पुस्तकाला कुणी ‘ययाति’ लिहितो, कुणी ‘ययाती’. माणूस ते चालवून घेतो, यंत्र म्हणते ‘नोंद आढळली नाही’. म्हणून पुस्तकावर असेल तसे नाव ठेवून दुसरे रूप टिपेत द्यावे.

आणि तो ‘श्री.’! कुणीतरी पूर्वी नोंद करताना श्री. ज. जोशी आणि श्री. ना. पेंडसे यांच्या नावांतला ‘श्री.’ आदरार्थी समजून गाळला होता. कार्डांवर ‘जोशी, ज.’ आणि ‘पेंडसे, ना.’ असे दोन निराळेच गृहस्थ जन्माला आले होते. एक श्रीकृष्ण जनार्दन, दुसरे श्रीपाद नारायण. दोघांनाही त्यांचा ‘श्री’ परत देण्याचे पुण्य मी पदरी बांधले आहे.

या कामाला कंटाळले की मी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ चाळते. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ती यादी १९४३ साली छापून निघाली आणि पुढच्या १९३८ ते १९५० या वर्षांचा भाग १९६१ साली. संगणक नसताना, एकेक पुस्तक नोंदत केलेले हे काम. माझे दोन तास त्यापुढे काय!

आता शेवटची एक नोंद. ती अजून पुरी झालेली नाही, म्हणून तर हा लेख लिहायला घेतला.

डिसेंबरात जुन्या स्नेहसंमेलनांच्या गठ्ठ्यात मला एक दोनशे पानी वही सापडली. ३८ पाने लिहिलेली, बाकीची कोरी. पहिल्या पानावर ‘कौतिक’, त्याखाली ‘एकांकिका’. लेखकाचे नाव नाही, वर्ष नाही. पानाचा वरचा कोपरा फाटलेला, कदाचित नाव तेथेच असावे. कौतिक आणि महादेव ही नावे वाचली तेव्हाच ओळख पटली: ही उद्धव शेळके यांची ‘धग’, १९६० ची, आपल्या वऱ्हाडी बोलीतली. वहीत मूळ कादंबरीचा उल्लेख कुठेही नाही.

ज्याने किंवा जिने हे लिहिले, त्याला नाटक कळत होते. सगळी एकांकिका एका अंगणात घडते. महादेव शेवटपर्यंत समोर येत नाही. घरातून त्याची हाक तेवढी ऐकू येते आणि प्रत्येक हाकेला कौतिक हातातले काम टाकून वळते. समासात पेन्सिलीने सूचना आहेत: ‘पेट्रोमॅक्स घरून आणणे’, ‘तालीम चारलाच संपवणे, गाडी पाचची’. म्हणजे तो किंवा ती आमच्यासारखीच, गावाहून येऊन-जाऊन शिकणारी.

नियमाप्रमाणे रूपांतरकार अज्ञात, म्हणून नोंद नावाखाली. ती मी अशी केली आहे:

कौतिक: एकांकिका. रूपांतरकार [      ]. हस्तलिखित, ३८ पाने, वर्ष दिलेले नाही. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीचे नाट्यरूपांतर; मूळ कादंबरीचा उल्लेख हस्तलिखितात नाही. ‘शेळके, उद्धव: धग’ येथे जोडनोंद.

‘धग’च्या नोंदीतही मी एक ओळ वाढवली आहे: ‘हिचे नाट्यरूपांतर पाहा: कौतिक’. कंसातली जागा मात्र रिकामी आहे. हा अंक माजी विद्यार्थ्यांकडेही जातो. स्नेहसंमेलनात ‘कौतिक’ पाहिलेले, त्यात काम केलेले, निदान पेट्रोमॅक्स उचलून आणलेले कुणी हे वाचत असेल, तर कृपया नाव कळवावे. दुपारी दोन ते चार मी ग्रंथालयात असते. वही आणून दाखवीन. अक्षर टपोरे आहे, ‘ळ’ची गाठ उलटी काढलेली आहे, ओळखणाऱ्याला लगेच ओळखू येईल.